घर्षण आणि बैलगाडी

एक पृष्ठभाग दुसऱ्यावरून सरकूं लागला असतां त्या गतीस जो अडथळा होतो, त्यास घर्षण म्हणतात. शाळेंत हा विषय पाठ करून आपण पुढें विसरतों. परंतु ज्याच्या दारीं बैलजोडी आहे, त्यास तो विसरून चालत नाहीं. सबब बैलगाडीच्याच उदाहरणानें त्याचा येथें विचार करूं.

घर्षणाचे मुख्य प्रकार तीन. पहिलें, स्थिर वस्तूचें घर्षण. भरलेली गाडी जागची हलवितांना बैलांस मान खालीं घालून जोर करावा लागतो. ती एकदां चालूं लागली म्हणजे तितका जोर लागत नाहीं. दुसरें, सरकतें घर्षण. धान्याचें पोतें खळ्यावरून ओढितांना होतें तें. फ्रेंच शास्त्रज्ञ आमोंतों यांनीं सन १६९९ मध्यें दाखविलें कीं, हें घर्षण भाराच्या प्रमाणांत वाढतें. टेकलेली जागा कमीअधिक झाल्यानें तें विशेष बदलत नाहीं. तिसरें, लोळतें घर्षण. चाक जमिनीवर फिरतांना होतें तें. कठीण जमिनीवर हें सर्वांत कमी.

चाकाची खुबी हिशेबानें पाहावी. चाकाचा व्यास ४ फूट व आंसाचा २ इंच धरला, तर एका फेऱ्यांत गाडी सुमारें साडेबारा फूट पुढें जाते. परंतु आंस व तुंबा यांचें घासणें अवघें अर्धा फूट होतें. तेथेंही वंगण घातलें म्हणजे मध्यें तेलाचा पातळ थर येऊन घर्षण आणखी घटतें. कोरड्या आंसाची गाडी करकरते, तेव्हां ती बैलांचें बळ खात असते, हें ध्यानांत ठेवावें.

जमिनीचाही हिशेब आहे. पक्क्या सडकेवर गाडी ओढण्यास एकूण वजनाच्या शेंकडा दोन-तीन इतका जोर पुरतो; वाळूंत वा चिखलांत चाक रुतून तोच जोर शेंकडा दहा-पंधरा किंवा त्याहूनही अधिक लागतो. रुंद रबरी चाक कमी रुततें, म्हणून रबरी धावेच्या गाडीनें बैलांचे श्रम पुष्कळ हलके केले.

एवढ्यावरून घर्षण हा केवळ वैरी, असें मात्र कोणीं समजूं नये. आम्ही महसुली नोकरींत असतां सन १९९८ च्या गळीत हंगामांत तलाठ्यांसोबत एका पंचनाम्यास गेलों होतों. उंसाची रबरी गाडी ओढ्याच्या ओल्या उतारावर घसरून डावा बैल पाय मोडून पडला होता. 'बैल अशक्त' असें कारण आम्हीं लिहून टाकलें. गाडीवान इतकेंच म्हणाला, "भाऊसाहेब, बैल कमजोर न्हवता, गाडीच अंगावर आली."

त्याचें म्हणणें खरें होतें. गाडीसह भार दोन टन व उतार दहा फुटांस एक फूट धरल्यास गाडी सुमारें २०० किलोच्या जोरानें खालीं ओढली जाते. रबरी चाकांचें लोळतें घर्षण त्यांतील पन्नासेक किलो अडवितें. उरलेला दीडशें किलोचा रेटा जुवावाटे बैलांवर येतो. तो पेलावयाचा तर खूर व रस्ता यांमधील घर्षणाच्याच आधारें. रस्ता ओला, नाल झिजून गुळगुळीत; मग बैलानें पाय रोवावा कोठें? ज्या गुणामुळें ती गाडी सपाटीवर सुखाची, त्याच गुणामुळें ती उतारावर घातक झाली.

तात्पर्य, आंसाशीं घर्षण कमी करावें आणि खुराशीं तें राखावें. वंगण वेळेवर घालावें. झिजलेले नाल बदलावे. रबरी गाडीस ब्रेक असल्यावांचून ती भरून उतारावर नेऊं नये. ब्रेक नसल्यास भार दोन खेपांत न्यावा. खेप एक वाढली तरी चालेल. मोडलेला पाय मात्र सहसा सांधत नाहीं. त्या पंचनाम्यांतील आमचे दोन शब्द आतां खोडतां येत नाहींत, म्हणून हे चार शब्द येथें लिहिले.