नागीण डोलली व्हॉल्व्हवर!

गॅदरिंगच्या तालमी सुरू झाल्यात आणि होस्टेलवर वाद रंगलाय: कीबोर्ड आहे ना, मग व्हायोलिनवाले दोघं कशाला? प्रीसेट लावला की झालं! मला हे पटत नाही. का, ते सांगतो.

१९५४ चा 'नागिन' आठवा. संगीतकार हेमंतकुमार. त्यातली ती गाजलेली बीन म्हणजे खरी पुंगी नव्हेच! पुढे कल्याणजी-आनंदजी जोडीतले म्हणून नाव कमावलेल्या कल्याणजींनी ती क्लॅव्हिओलिन या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर वाजवली होती. त्यात व्हॉल्व्हचा ऑसिलेटर. एका वेळी एकच स्वर. पण त्यात हार्मोनिक्स भरपूर, म्हणून तो पुंगीसारखा नाकात बोलतो. शिवाय व्हायब्रॅटोची सोय, त्यामुळे स्वर किंचित थरथरतो.

ही थरथर महत्त्वाची. दहा व्हायोलिनं एकच स्वर वाजवतात तेव्हा प्रत्येकाची फ्रिक्वेन्सी केसभर वेगळी असते, म्हणून नाद भरदार येतो. ४४० हर्ट्‌झचा एकटा, स्थिर ऑसिलेटर त्या घोळक्यात उपरा वाटतो. जोडीला ४४१ हर्ट्‌झचा दुसरा द्या. आवाज सेकंदाला एकदा चढतो-उतरतो आणि स्वरात जरा जीव येतो.

तेव्हा कीबोर्डवाल्या दोस्ता, व्हायोलिनची नक्कल सोड. इतर कुणाकडेच नाही असा आवाज शोध. तुझा तुकडा आला की बाकीचे हात आवरते घेतील. आणि हो, त्या दोघांना उद्या तालमीला नक्की बोलव!