हसायला विनोद लागत नाही, माणसं लागतात

थंडी पडली की सल्ल्यांना ऊत येतो. डिंकाचे लाडू खा, अंगाला तिळाचं तेल लावा, कोमट पाणी प्या, आणि त्याच दमात, रोज खळखळून हसा म्हणजे ताण पळून जाईल. यातला शेवटचा सल्ला चुकीचा नाही. पण त्याला इतक्या अर्धवट गोष्टी चिकटल्या आहेत की त्यातला खरोखर उपयोगाचा भाग दिसेनासा झाला आहे. हसण्यानं काय होतं, काय होत नाही आणि ते नेमकं कशामुळे होतं, हे नीट समजून घेतलं तर हिवाळ्याचे हे तीन महिने पुष्कळांना सोपे जातील.

गैरसमज : हिवाळ्यातली उदासी हा थंड देशांतला आजार, आपला काय संबंध?

अर्धं खरं आहे. १९८४ साली नॉर्मन रोझेन्थल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत या ऋतुबद्ध नैराश्याचं वर्णन शास्त्रीय नियतकालिकात प्रथम मांडलं. रोझेन्थल मूळचे जोहान्सबर्गचे. भरपूर उन्हाच्या गावातून न्यूयॉर्कला आल्यावर हिवाळ्यात आपलं मन मंदावतं, हे त्यांनी स्वतः अनुभवलं होतं. इथे मुख्य दोष थंडीचा नसून कमी झालेल्या उजेडाचा आहे. डिसेंबरच्या सर्वात लहान दिवशीही मुंबईत जवळपास अकरा तास उजेड असतो. लंडनमध्ये त्या दिवशी आठ तासही मिळत नाहीत. त्यामुळे सांगलीहून लंडनला किंवा टोरांटोला गेलेल्या मुलीला नोव्हेंबरपासून अंथरुणातून उठावंसं वाटत नसेल, तर तो आळस किंवा घरची आठवण एवढंच असेल असं समजू नये. अशा नैराश्यावर डॉक्टर सकाळी अर्धा तास दहा हजार लक्सच्या दिव्यासमोर बसायला सांगतात. विनोदी मालिका त्या उजेडाची जागा घेऊ शकत नाही.

महाराष्ट्रात दुखणं वेगळं असतं. उजेड पुरेसा आहे, पण आपण दारं लावून घेतो. पहाटेचं फिरणं बंद पडतं, सांधे धरतात, दम्याचा त्रास वाढतो आणि संध्याकाळी सात वाजता सोसायटीचा कट्टा रिकामा होतो. निफाडला पारा पाच अंशांच्या आसपास गेल्याची बातमी येते, तेव्हा आपण पिकाची काळजी करतो, आणि ती करायलाच हवी. पण त्याच थंडीत एकटी राहणारी म्हातारी माणसं दोन-दोन दिवस कोणाशी बोललेली नसतात, हे बातमीत येत नाही. आपल्याकडचा हिवाळी ताण बराचसा या एकटेपणाचा आहे, असं माझं मत आहे. हसण्याचा खरा उपयोगही इथेच होतो.

गैरसमज : हसायचं तर चांगला विनोद हवा

सर्वात जास्त घट्ट बसलेला गैरसमज हाच आहे आणि त्यानं सर्वात जास्त नुकसान केलं आहे. अमेरिकेतले मेंदूशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी विनोदाची पुस्तकं बाजूला ठेवली आणि बाजारात, रस्त्यावर, विद्यापीठाच्या आवारात माणसं प्रत्यक्षात कशाला हसतात हे टिपलं. असे सुमारे १२०० प्रसंग जमले. त्यांतल्या वीस टक्क्यांहूनही कमी प्रसंगांत हसण्याआधी विनोद म्हणता येईल असं काही बोललं गेलं होतं. बाकी वेळी माणसं ‘अरे, हा बघ आला’ किंवा ‘चल, मग भेटू’ असल्या साध्या वाक्यांना हसत होती. आणखी एक गोष्ट त्यांना आढळली. एकटा असताना माणूस जितकं हसतो, त्याच्या तीसपट तो चारचौघांत हसतो.

हे समजायला प्रयोगशाळेत जावं लागत नाही, हुरडा पार्टीला गेलं तरी कळतं. शेतात खड्डा करून आगटी पेटवलेली असते, गोवऱ्यांच्या विस्तवात ज्वारीची कणसं खुपसलेली असतात. कोणीतरी निखाऱ्यातून कणीस ओढतो, तळहातावर चोळायला जातो, ‘आई गं’ म्हणून या हातातून त्या हातात झेलत राहतो, आणि भोवती बसलेले सगळे फुटतात. शेंगदाण्याची चटणी तिखट लागली म्हणून हशा, काकांच्या नाकाला काजळी लागली म्हणून हशा, ती पुसायला गेल्यावर कपाळाला लागली म्हणून आणखी मोठा. घरी परतल्यावर कोणी विचारलं, एवढं काय हसत होता, तर सांगण्यासारखं एक वाक्य सापडत नाही. कारण ते हसू वाक्यात नव्हतंच.

पु. ल. देशपांडे यांची कथाकथनं आठवून पाहा. ‘म्हैस’ किंवा ‘अंतू बर्वा’ कितीतरी घरांत तोंडपाठ आहेत. पुढचं वाक्य सगळ्यांना माहीत असतं, कोणीतरी ते पुलंच्या आधीच म्हणून टाकतं, तरी घर हसतं. नव्या चुटकुल्यानंच हसू येतं असं असतं, तर हे कसं शक्य झालं असतं? दिवाळी अंकातली विनोदी कथा एकट्यानं वाचून बाजूला ठेवण्याऐवजी रात्री जेवणानंतर कोणी मोठ्यानं वाचली, तर तिचा उपयोग कितीतरी वाढतो. घरात वाचणारं माणूस असेल तर या हिवाळ्यात हे नक्की करून पाहावं.

व्हॉट्सॲपवर विनोद पुढे ढकलणं ही यातली सगळ्यात कच्ची पायरी. पाठवणारा एकटा असतो, वाचणाराही एकटाच, आणि दोघांच्याही चेहऱ्यावर बहुतेक वेळा काही हलत नाही. त्यापेक्षा फोन लावावा, आपलं माणूस परदेशात असलं तरी. टोरांटोत हिवाळ्यातले सकाळचे साडेआठ वाजतात तेव्हा पुण्यात संध्याकाळचे सात वाजलेले असतात. दोन्हीकडे चहा घेता घेता बोलता येतं. या बोलण्यात आजी दोनदा हसल्या, तर ती दोन हसणी चाळीस फॉरवर्डांहून मोलाची आहेत.

गैरसमज : खोटं हसलं तरी शरीराला फरक कळत नाही

हास्यक्लबांमुळे हे वाक्य घरोघरी पोचलं. त्यांची सुरुवात मुंबईतलीच. १३ मार्च १९९५ रोजी डॉ. मदन कटारिया यांनी अंधेरीच्या लोखंडवाला भागातल्या एका बागेत पाच जणांना घेऊन पहिला क्लब भरवला. आधी सगळे वर्तुळात उभे राहून विनोद सांगत. दोनेक आठवड्यांत चांगले विनोद संपले, उरले ते अश्लील किंवा कोणाला तरी टोचणारे. लोक नाराज झाले. तेव्हा कटारियांनी विनोद सोडूनच दिले आणि टाळ्या, श्वास आणि हो-हो-हा-हा यांचा व्यायाम बसवला. आज ही चळवळ कितीतरी देशांत पसरली आहे.

शरीराला फरक कळत नाही, हा दावा मात्र टिकत नाही. आतून फुटलेलं हसू आणि मुद्दाम काढलेलं हसू यांत मेंदूची वेगवेगळी यंत्रणा काम करते, आणि ऐकणाऱ्यालाही बहुतेकदा दोन्हींतला फरक ओळखता येतो. नुसता चेहरा हसरा केला की मन आनंदी होतं, या समजाला १९८८च्या एका प्रयोगानं बळ दिलं होतं. त्यात लोकांना पेन दातांत धरायला लावून व्यंगचित्रं दाखवली होती. २०१६ साली १७ प्रयोगशाळांनी तोच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा तो परिणाम मिळाला नाही.

मग बागेतली ती मंडळी ताजीतवानी होऊन घरी का जातात? एक तर हसू संसर्गजन्य असतं. समोरचे जोशीकाका ओढूनताणून हसताना पाहून शेजारच्या बाईंना खरंच हसू येतं, आणि तिथून पुढचं खोटं राहत नाही. दुसरं, सकाळी उठून, कपडे करून, ठरल्या वेळी माणसांत जाणं हेच मोठं औषध आहे. एखादा दिवस चुकला तर ‘काल आला नाहीत?’ असं विचारणारं कोणीतरी तिथे असतं. हास्यक्लबाला हसणाऱ्यांनी हे आधी पाहावं.

गैरसमज : हसण्यानं रोग बरे होतात

या समजामागे बहुधा नॉर्मन कझिन्स असतात. अमेरिकेतल्या एका नामांकित साप्ताहिकाचे हे संपादक १९६४ साली मणक्याच्या अतिशय वेदनादायक दुखण्यानं अंथरुणाला खिळले. त्यांनी विनोदी चित्रपट पाहायला सुरुवात केली. दहा मिनिटं पोटभर हसलं की दोन तास वेदनेविना झोप लागते, असं त्यांनी १९७६ साली एका ख्यातनाम वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं. हे खरं आहे. पण त्याच काळात ते क जीवनसत्त्वाचे मोठे डोस घेत होते, त्यांचे डॉक्टर सोबत होते, मूळ निदानाबद्दलही नंतर शंका घेतल्या गेल्या, आणि हा एकाच माणसाचा अनुभव होता. मधुमेहाची गोळी बंद करून बागेत हसायला जाणाऱ्यांनी हा तपशील विसरू नये.

वेदनेबद्दलचा भाग मात्र पुढे तपासला गेला आणि बराचसा खरा ठरला. ऑक्सफर्डमधल्या रॉबिन डनबार यांच्या गटानं लोकांना विनोदी चित्रफिती दाखवल्या. त्याआधी आणि त्यानंतर त्यांची वेदना सोसण्याची ताकद मोजली. त्यासाठी गोठवलेलं थंडगार आवरण हातावर चढवायचं किंवा रक्तदाबाचा पट्टा आवळायचा, आणि असह्य होईल तेव्हा थांबा म्हणायचं. जे खरोखर हसले त्यांची सोसण्याची मर्यादा वाढली. नुसती छान, पण न हसवणारी चित्रफीत पाहणाऱ्यांची वाढली नाही. पुढे फिनलंडमधल्या तुर्कू इथल्या संशोधकांनी १२ पुरुषांना जवळच्या मित्रांबरोबर अर्धा तास विनोदी फिती पाहायला लावल्या आणि मेंदूचं चित्रण केलं. त्यात शरीराची स्वतःची वेदनाशामकं मेंदूत स्रवल्याच्या खुणा दिसल्या. हिवाळ्यात गुडघे धरणाऱ्या माणसाला मित्रांत बसल्यावर दुखणं जाणवत नाही, त्यामागे एवढं काही घडत असतं.

ताणाच्या संप्रेरकाचंही असंच आहे. २०२३ साली आठ अभ्यास एकत्र तपासण्यात आले. आपसूक आलेल्या हसण्यानंतर कॉर्टिसॉल, न हसलेल्यांच्या तुलनेत, सरासरी ३२ टक्क्यांच्या आसपास कमी झालेलं आढळलं. आकडा आशादायक आहे, पण आठही अभ्यास मिळून माणसं फक्त ३१५ होती. शिवाय एका बैठकीपुरता उतरलेला ताण म्हणजे कायमचा गेलेला ताण नव्हे. कर्जाचा हप्ता दुसऱ्या दिवशी तेवढाच असतो. तो भरायचं बळ थोडं वाढलेलं असतं, इतकंच.

गैरसमज : कुठलाही विनोद मन हलकं करतो

कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रॉड मार्टिन आणि सहकाऱ्यांनी २००३ साली विनोदाच्या चार तऱ्हा वेगळ्या केल्या. माणसं जोडणारा, अडचणीत स्वतःला सावरणारा, दुसऱ्याला टोचणारा आणि चार लोक हसावेत म्हणून स्वतःलाच सतत कमी लेखणारा. पहिल्या दोन तऱ्हा मनाच्या स्वास्थ्याशी जोडलेल्या आढळतात. शेवटची नैराश्याशी आणि चिंतेशी. टोचणारा विनोद नाती बिघडवतो.

आपल्या घरांत तिसऱ्या तऱ्हेचा सुकाळ आहे, हे मान्य करायला हवं. सुनेच्या स्वयंपाकावर, भाचीच्या वजनावर, निवृत्त माणसाच्या रिकामपणावर बोलायचं आणि वर ‘गंमत केली गं’ म्हणायचं. थंडीत सगळे एकाच खोलीत शेकत बसलेले असताना हे जास्त होतं, आणि ज्याच्यावर होतं त्याला उठून जायलाही जागा नसते. त्या खोलीत ताण कमी होत नाही, तो एकाच माणसावर जमा होतो.

सावरणारा विनोद काय असतो, हे मानसोपचारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल यांनी सांगितलं आहे. नाझी छळछावणीत सोबत राबणाऱ्या एका मित्राशी त्यांनी करार केला होता. सुटकेनंतर घडू शकेल असा एक तरी मजेशीर प्रसंग दोघांनी रोज रचायचा. त्यांतला एक असा : कोणाकडे जेवायला गेलोय आणि छावणीच्या सवयीनं यजमानीणबाईंना विनवतोय की सूप तळातून वाढा. छावणीतल्या पातळ पाण्यात जे काही दाणे असत ते तळाशीच असत. या विनोदात कोणाचीही टिंगल नाही, दुःख नाकारलेलंही नाही.

गैरसमज : हसण्यात कसला आलाय धोका?

निरोगी माणसाला जवळपास नाहीच. पण दम्याच्या रुग्णाला जोरानं हसण्यानं उबळ येऊ शकते, आणि तोंडानं घेतलेली गार, कोरडी हवा त्यात भर घालते. हिवाळ्याच्या पहाटे थंड हवेचा थर जमिनीलगत अडकतो आणि शहरातला धूर त्यातच साठून राहतो. म्हणून या दिवसांत बागेतली हास्याची बैठक सहाऐवजी ऊन वर आल्यावर भरवावी. हृदयविकाराच्या रुग्णांसाठीही तेच बरं. हर्निया असेल, पोटाची किंवा डोळ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गडगडाटी हसण्याचे व्यायाम करू नयेत. हसताना लघवी सुटते म्हणून कितीतरी बायका क्लबात यायच्या थांबतात आणि कारण सांगत नाहीत. त्यावर व्यायाम आहेत, उपचार आहेत. स्त्रीरोगतज्ज्ञांशी मोकळेपणी बोलावं.

गैरसमज : हसतोय म्हणजे बरा आहे

नैराश्यातली माणसं हसतात. पाहुण्यांसमोर, कार्यालयात, फोटोत, अगदी मनापासून वाटावं असं हसतात. आणि जे हसू शकत नाहीत त्यांना ‘जरा हस की, तोंड का पाडलंयस’ म्हणणं म्हणजे त्यांच्यावर आणखी एक ओझं टाकणं. उदासी जवळपास रोज, दोन आठवडे टिकली, झोप आणि भूक बिघडली, आवडत्या गोष्टींतही मन लागेना, तर तो डॉक्टरांकडे जाण्याचा विषय आहे. जगणं नको झाल्याचं कोणी बोललं तर दोन आठवडे मोजत बसू नये. त्या माणसाला एकटं सोडू नये आणि त्याच दिवशी मदत घ्यावी. भारत सरकारची टेलिमानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत चालते आणि तिथे मराठीत बोलता येतं. फोन घरच्या माणसानं लावला तरी चालतो.