मूळ गाडी, नवे ब्रेक

बरेच जण विचारतात, "सर, पद्मिनी रोज चालवता, मग ती ओरिजिनल कशी राहते?" पूर्ण राहत नाही.

माझी गाडी १९७८ची. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगजवळचा गिअर, पुढची सलग सीट हे सगळं कुर्ल्याच्या कारखान्यातून आलं तसंच आहे. ब्रेक मात्र तसे नाहीत. मानपूरच्या घाटात एकदा गंजलेला ब्रेकपाइप फुटला आणि पेडल थेट तळाला गेलं. चारही चाकांना एकच सर्किट, त्यामुळे एक पाइप गेला की सगळे ब्रेक गेले. गिअर उतरवत, हँडब्रेक ओढत गाडी थांबवली. शेजारी सौ., पट्ट्याविना! महूला परतल्यावर दुहेरी सर्किटचा मास्टर सिलिंडर आणि सीटबेल्ट बसवले. बेल्टसाठी पत्र्याला भोकं पाडावी लागली, तेवढी माफ. सिग्नलला उभं असताना डायनामो फारसा चार्ज करत नाही, म्हणून अल्टरनेटरही आला. काढलेले भाग चिठ्ठ्या लावून काळ्या ट्रंकेत ठेवलेत.

इंजिन बदला म्हणणारे भेटतात. मी नाही बदलणार. ताकद वाढली की ब्रेक, क्लच, सस्पेन्शन सगळंच बदलावं लागतं, शिवाय आरसी बुकाचा प्रश्न येतो.

पन्नाशीनंतर 'विंटेज' नोंदणी करता येते. पण २०२१च्या नियमांनुसार तशी गाडी रॅली, प्रदर्शन अशा कामांसाठीच. रोज चालवता येत नाही. मी ती करणार नाही. भाजी कशातून आणायची?