चालीतील चढउतार आणि उतारवयातील धमन्या

सातपुड्याच्या पायथ्याशी, बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर पसरलेल्या संग्रामपूर तालुक्यात चालण्याचे माहात्म्य सांगू जाणे हे वरकरणी अस्थानी वाटण्याजोगे आहे. कारण ज्या मुलखातून माघ वद्य सप्तमीला गजानन महाराजांच्या प्रकट दिनासाठी दिंड्या पूर्णा ओलांडून पायदळ शेगावी जातात, आणि ज्या मुलखातील कास्तकाराच्या कित्येक पिढ्या घर आणि वावर यांमधील वाट तुडवण्यात खर्ची पडल्या, तेथील माणसांवर बैठेपणाचा आरोप सहसा टिकायचा नाही. तथापि हाच कास्तकार साठी उलटल्यावर जमीनजुमला मुलांच्या हवाली करतो, किंवा तहसील कचेरीतील कारकुनाला पेन्शन लागते, तेव्हा त्याच्या चालण्यातून पहिल्याप्रथम नाहीसा होतो तो वेग. पारापर्यंत आणि देवळापर्यंत तो नित्य जातो, पण रमतगमत, एकाच संथ लयीत. आणि त्याच्या धमन्यांना नेमकी ज्याची निकड असते ते या लयीतून फारसे मिळत नाही.

धमनी ही केवळ रक्त वाहून नेणारी निर्जीव नळी आहे, ही समजूत शास्त्राने केव्हाच मागे टाकली आहे. तिच्या आतल्या बाजूस पेशींचे एकेरी, अत्यंत तलम अस्तर असते. वाहत्या रक्ताचे घर्षण या अस्तरास जाणवते, आणि प्रवाहाचा जोर वाढताच त्यातून नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू अल्प प्रमाणात स्रवून भोवतीच्या स्नायूंस सैल करतो, म्हणजे धमनी रुंदावते. या वायूचे शरीरातील कार्य उलगडणाऱ्या फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना 1998 साली नोबेल पारितोषिक मिळाले. वय वाढते तसे हे अस्तर मंदावते, भिंतीतील लवचीक तंतू झिजतात, त्यांच्या जागी ताठर तंतूंचे प्राबल्य होते, आणि वापराविना कोरड्या पडलेल्या मोटेच्या चामड्याप्रमाणे धमनी ताठ होऊन बसते. मग हृदयाच्या प्रत्येक ठोक्याचा धक्का भिंतीत न जिरता पुढे मेंदूपर्यंत आणि मूत्रपिंडापर्यंत पोहोचतो, व रक्तदाबाचा वरचा आकडा चढत जातो.

यावर चालण्याचा उपाय जगात सर्वत्र सांगितला जातो. परंतु चालावे कसे, या प्रश्नाचा पद्धतशीर छडा लावला तो जपानमधील डोंगराळ प्रांतातल्या मात्सुमोतो शहरी, शिनशू विद्यापीठाच्या हिरोशी नोसे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. सरासरी 63 वर्षे वयाच्या 246 स्त्रीपुरुषांचे त्यांनी तीन गट केले: एकाने नेहमीचा दिनक्रम चालू ठेवावा, दुसऱ्याने आठवड्यातून किमान चार दिवस मध्यम गतीने दिवसाला किमान 8,000 पावले चालावे, आणि तिसऱ्याने तीन मिनिटे झपझप व तीन मिनिटे सावकाश अशी आलटून पालटून किमान पाच आवर्तने आठवड्यातून चार दिवस तरी करावीत. पाच महिन्यांच्या या प्रयोगाचा वृत्तांत 2007 साली प्रसिद्ध झाला. तिसऱ्या गटातील लोकांच्या मांडीच्या स्नायूंचे बळ गुडघा सरळ करताना 13 टक्के व वाकवताना 17 टक्के वाढले, प्राणवायू वापरण्याची शरीराची कमाल क्षमता 8 ते 9 टक्क्यांनी उंचावली, आणि विश्रांतीच्या वेळचा वरचा रक्तदाब मध्यम गतीने चालणाऱ्यांपेक्षा अधिक उतरला.

याचे कारण गूढ नाही. झपाट्याच्या तीन मिनिटांत पायांचे स्नायू अधिक रक्त मागतात, हृदय ते पुरवते, आणि अस्तरावरील घर्षण संथ चालीत कधी होत नाही इतके वाढते. हाच वेग अर्धा तास सलग टिकवणे साठीच्या माणसास बहुधा झेपत नाही, परंतु मधल्या सावकाश मिनिटांत दम पुन्हा भरून येत असल्यामुळे एकूण पंधरा मिनिटांचा वेग विनासायास पदरी पडतो. झपाट्याची परीक्षा साधी आहे: सोबत्याशी बोलताना वाक्य मध्येच तुटावे, परंतु बोलणे मुळीच अशक्य होऊ नये, सावकाश टप्प्यात मात्र गप्पा सहज चालाव्यात.

ही रीत संग्रामपुरात आणताना काही पथ्ये अपरिहार्य आहेत. वैशाखातील वऱ्हाडी उन्हात ती करणे म्हणजे प्रकृतीशी वैर धरणे होय. तांबडे फुटताना बाहेर पडून ऊन चढण्यापूर्वी घरी परतावे. दुसरे, पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात भूजल क्षारयुक्त आहे, आणि या तालुक्यातील अनेक गावांत मूत्रपिंडाच्या विकारांचे रुग्ण आढळतात. चढलेला रक्तदाब मूत्रपिंडास झिजवतो, आणि झिजलेले मूत्रपिंड रक्तदाब आणखी चढवते. म्हणून अशा रुग्णाने, तसेच हृदयविकार, मधुमेह वा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेल्या प्रत्येकाने, डॉक्टरांचा सल्ला घेतल्यावाचून वेग वाढवू नये, आणि चालणे लागू पडले असे मानून गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. छातीत दुखले, भोवळ आली किंवा धाप बसेना, तर तेथेच थांबून इस्पितळ गाठावे.

भारतात 2023 साली प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक राष्ट्रीय पाहणीत 35.5 टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब असल्याचे आढळले, आणि यांतील पुष्कळांना त्याची खबरही नसते. म्हणून आरंभ पायांपासून न करता दंडावर पट्टा बांधून करावा: ग्रामीण रुग्णालयात वा आरोग्य उपकेंद्रात रक्तदाब मोजून आकडा तारखेसह वहीत टिपावा, पहिल्या पंधरवड्यात झपाट्याची दोनच आवर्तने करावीत, मग ती हळूहळू पाचांवर न्यावीत, आणि पाच महिन्यांनी पुन्हा मोजणी करून दोन्ही आकडे डॉक्टरांपुढे ठेवावेत.