शीड केवढें असावें?

लहान शिडाच्या नौकेंत नाळेपासून डोलकाठीच्या वरच्या भागाकडे एक पोलादी तार ताणलेली असते. तिच्यावर चढविलेलें पुढचें शीड पूर्वीं वारा वाढला कीं उतरवून त्याच्या जागीं लहान शीड चढवावें लागे. आणि तेंही लाटांनीं भिजलेल्या, खालींवर होणाऱ्या नाळेवर गुडघे टेकून. ‘रोलर फर्लर’ या साधनानें हें संकट टळलें. सुकाण्यापाशीं बसूनच एक दोरी ओढली कीं शीड तारेभोंवतीं चटईसारखें गुंडाळलें जातें.

मग सर्वांत मोठें शीड घ्यावें आणि वारा वाढेल तसतसें गुंडाळीत जावें, असें कोणासही वाटेल. घोटाळा होतो तो येथेंच.

या शिडाचें माप शेकड्यांत सांगतात. डोलकाठीपासून तारेच्या बुडापर्यंतचें अंतर म्हणजे १०० टक्के. तें ८ फूट असलें आणि शिडाच्या मागच्या कोपऱ्यापासून तारेवर टाकलेला लंब १२ फूट भरला, तर तें शीड १५० टक्क्यांचें. तारेवरची कड २६ फूट धरल्यास त्याचें क्षेत्रफळ १५६ चौरस फूट होतें. १०० टक्क्यांच्या शिडाचें १०४. डोलकाठीच्या मागें पोंचणाऱ्या अशा शिडास इटलींतील बंदरावरून जेनोआ म्हणतात.

वाऱ्याचा वेग १० नॉटवरून २० नॉटवर गेला, तर दाब दुप्पट नव्हे, चौपट होतो. तेव्हां शीड कमी करणें भागच पडतें. परंतु शीड म्हणजे सपाट चादर नव्हे. त्याला मुद्दाम पोट दिलेलें असतें, आणि त्या पोटाचें जादा कापड गुंडाळींत नीट बसत नाहीं. पुढची कड जाड होते, मध्यें पिशवी फुगते, नौका कलते आणि वाऱ्याच्या दिशेकडे चढेनाशी होते. कडेच्या मध्यभागीं स्पंजाची पट्टी शिवल्यानें हा दोष कमी होतो, नाहींसा होत नाहीं. शिवाय मंद वाऱ्यासाठीं विणलेलें हलकें कापड जोराच्या वाऱ्यांत ताणून बिघडतें. शीड गुंडाळल्यावर त्याच्या दोराची कप्पीही पुढें सरकवावी लागते. नाहींतर वरचा भाग नुसता फडफडत राहतो. १५० टक्क्यांचें शीड गुंडाळून ११० पर्यंत आणणें ठीक; त्याखालीं तें वारा पाठीशीं असतांनाच काय तें उपयोगी.

म्हणून निवड नेहमींच्या वाऱ्यावरून करावी. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरांत उन्हाळ्यांत आंतला प्रदेश तापतो आणि गोल्डन गेटमधून थंड समुद्री वारा दुपारीं अनेकदां २० ते २५ नॉटनें घुसतो. तेथें ९० ते ११० टक्के पुरे. उन्हाळ्यांत वारा मंदावणाऱ्या चेसापीक उपसागरांत तेंच शीड नौकेला जागच्या जागीं डोलवीत ठेवील. तेथें १३५ ते १५० हवें. दोन्ही प्रकारचे वारे भेटत असतील, तर १३० च्या आसपासचें शीड बरें. तार काठीच्या माथ्यापर्यंत न जाणाऱ्या, मोठ्या मुख्य शिडाच्या नौकेस याहूनही लहान चालतें. कुटुंबासह फिरणाऱ्यानें आणखी एक गोष्ट पाहावी: दिशा बदलतांना मोठें शीड दर वेळीं काठीपुढून ओढून न्यावें लागतें, आणि तें काम बहुधा घरांतील सर्वांत अननुभवी माणसाच्या वांट्यास येतें.

दोन शिडें बाळगणाऱ्यानें अदलाबदल धक्क्यावर, शांत हवेंतच करावी. कारण या साधनावरील शीड खालीं घ्यावयाचें तर आधीं तें पूर्ण उलगडावें लागतें. भर वाऱ्यांत नेमकें तेंच घातक.