सायकल घरच्या घरी (भाग ६) : तार आधी कुरकुरते, मग तुटते

मागच्या आठवड्यात आपण साखळी धुऊन तेल घातलं. आज ब्रेक आणि गिअरच्या तारा. हा विषय मुद्दाम दसऱ्याच्या तोंडावर घेतला आहे. अकलोलीसारख्या गावात जून ते सप्टेंबर सायकल पावसात भिजते, चिखलात रुतते आणि रात्री ओसरीला ओलीच उभी राहते. पाऊस सरला, तानसा नदी निवळली, की मुलं पुन्हा सायकलवर वज्रेश्वरीकडे निघतात. तेव्हा बऱ्याच जणांची एकच तक्रार असते : ब्रेक जड झाला. दोष बहुधा ब्रेक शूला दिला जातो. शू बदलतात, तरी ब्रेक जडच राहतो, कारण बिघाड तारेत असतो.

तार काम कशी करते ते आधी समजून घेऊ. एर्नेस्ट बाउडेन यांनी १८९६ मध्ये इंग्लंडमध्ये या रचनेचं पेटंट घेतलं, म्हणून तिला बाउडेन केबल म्हणतात. बाहेर कडक नळी, तिला आपण आऊटर म्हणतो. आत सरकणारी पोलादी तार, ती इनर. आपण लिव्हर दाबतो तेव्हा इनर ओढली जाते, आणि तेवढ्याच जोराने आऊटर तिच्या दोन्ही टोकांच्या आधारांवर रेटा देते. ओढणं आणि रेटणं, दोन्ही मिळून ब्रेक लागतो. त्यामुळे आऊटर चेपली, वाकली किंवा आतून गंजली, तर इनर कितीही नवी असो, हाताचा जोर वाटेतच मुरतो. म्हणून पहिला नियम : जमेल तेव्हा इनर आणि आऊटर दोन्ही एकदम बदलाव्यात.

पाणी नेमकं कुठे साचतं? आऊटरचा जो भाग खाली झोळ घेतो तिथे. मागच्या डिरेलरजवळचा (साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागाजवळचा) छोटा वळसा हा त्यातला सर्वात वाईट. पाणी वरून झिरपत येतं, तिथे थांबतं आणि तार आतून गंजवते. वरून सगळं चकचकीत दिसतं. ओळखायची खूण सोपी आहे. लिव्हर सोडल्यावर झटकन परत येत नसेल, गिअर वर चढतो पण खाली उतरताना रेंगाळत असेल, किंवा लिव्हरच्या तोंडाशी तारेचा एखादा धागा उसवून बाहेर आला असेल, तर तार बदलायची वेळ झाली. एक धागा तुटलेली तारही वापरायची नाही. बाकीच्या धाग्यांवर भार वाढतो आणि ती जोराच्या ब्रेकला, म्हणजे नको त्या क्षणी, तुटते.

आता खरेदी. इथे सर्वात मोठी चूक होते. ब्रेकची इनर साधारण दीड मिलिमीटर जाडीची, गिअरची १.१ किंवा १.२ मिलिमीटरची. ब्रेकची आऊटर ५ मिलिमीटरची, आत स्प्रिंगसारखी गुंडाळलेली पट्टी. गिअरची आऊटर बहुधा ४ मिलिमीटरची, आत लांबीच्या दिशेने सरळ तारा. सरळ तारांची आऊटर चेपत नाही, म्हणून गिअर बिनचूक पडतो. पण ब्रेकचा जोर तिच्यावर आला तर ती फाटू शकते. गिअरची आऊटर ब्रेकला कधीही लावू नका. तारेच्या टोकाची गाठही पाहून घ्या. सरळ हँडलच्या लिव्हरला आडव्या ढोलकीसारखी गाठ लागते, रेसरच्या वळलेल्या हँडलला पेरूसारखी. जुनी तार सोबत नेली की दुकानात गोंधळ होत नाही.

हत्यारं थोडीच लागतात : ५ नंबरची एलन की किंवा १० नंबरचा पाना, धारदार केबल कटर, कानस, टोचा, आऊटरच्या टोकाला घालायच्या टोप्या आणि इनरच्या टोकाला दाबायच्या बारीक टोप्या. साध्या पक्कडीने तार कापली की धागे पिंजतात आणि ती आऊटरमध्ये शिरत नाही. कटर नसेल तर दुकानातूनच मापाने कापून आणा.

ब्रेकची तार अशी बदला. आधी जुन्या तारेची वाट नीट पाहून ठेवा, मोबाइलवर फोटो काढा. ब्रेकजवळचा नट सैल करा, इनर सोडवा. लिव्हरवरच्या फिरकीची (तारेचा ताण कमी-जास्त करणाऱ्या आट्यांच्या तुकड्याची) खाच आणि लिव्हरची खाच एका रेषेत आणली की तार बाजूने निघते. नवी आऊटर जुनीच्या मापाची कापा. मात्र हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहा, कुठेही ताण येता कामा नये. कापताना आत जुन्या इनरचा तुकडा ठेवा, म्हणजे नळी चेपत नाही. कापलेलं तोंड कानशीने सपाट करा, आतलं प्लास्टिक टोच्याने मोकळं करा, टोपी बसवा. या पाच मिनिटांच्या कामावर ब्रेकचा हलकेपणा ठरतो. घाई करू नका.

फिरकी पूर्ण आत घालून दोन आटे बाहेर काढा. तार ओवा, शू रिमपासून दीड-दोन मिलिमीटर ठेवून तार ओढा आणि नट आवळा. मग लिव्हर जोराने दहा वेळा दाबा. नवी तार थोडी बसते, ती पुन्हा ओढून आवळा. शेपूट तीन-चार सेंटिमीटर ठेवून कापा आणि टोपी दाबा.

गिअरला आधी सर्वात लहान चक्रावर या. तिथे तार सैल असते. शिफ्टरची गाठ काढा, नवी ओवा, डिरेलरच्या खाचेत बसवून आवळा. मागचं चाक उचलून पेडल फिरवा. साखळी मोठ्या चक्रावर चढायला उशीर करत असेल तर फिरकी पाव आटा बाहेर काढा. लहानावर उतरायला उशीर करत असेल तर पाव आटा आत घाला. एका वेळी पाव आटाच. डिरेलरवरच्या दोन छोट्या स्क्रूंना तार बदलताना हात लावायची गरज नसते.

शेवटी चाचणी. सायकलजवळ उभं राहून ढकला आणि एकेक लिव्हर दाबा. चाक थांबलंच पाहिजे आणि लिव्हर हँडलला टेकता कामा नये. मग सपाट रस्त्यावर हळू फेरी मारा. उतारावर त्यानंतरच.

खंडेनवमीला आपण हत्यारं पुसतो, दसऱ्याला सायकलला झेंडूचा हार घालतो. यंदा हार घालण्याआधी चारही तारा हाताने चाचपून पाहा. तुमच्या घरातली मुलगी रोज याच सायकलवर शाळेत जाते. तिच्या ब्रेकची तार नवी असणं हीच त्या सायकलची खरी पूजा. पुढच्या आठवड्यात ब्रेक शू आणि चाकाची डगडग यांविषयी बोलू.