जुडिथ अँडरसन : रंगभूमीची सम्राज्ञी, पडद्यावरची खलनायिका

जुडिथ अँडरसन यांचा जन्म १० फेब्रुवारी १८९७ रोजी दक्षिण ऑस्ट्रेलियातील ॲडलेड शहरात झाला. त्यांचे मूळ नाव फ्रान्सिस मार्गारेट. १९१५ मध्ये सिडनीच्या थिएटर रॉयलमध्ये त्यांनी व्यावसायिक रंगभूमीवर पदार्पण केले आणि १९१८ मध्ये आईसोबत अमेरिका गाठली. सुरुवातीची काही वर्षे फिरत्या आणि स्थानिक नाटक कंपन्यांत मिळेल ती भूमिका करण्यात गेली. पुढे ‘जुडिथ’ हे नाव घेतल्यावर १९२४ मध्ये ‘कोब्रा’ या नाटकाने त्यांना न्यूयॉर्कमध्ये खरे यश मिळवून दिले. १९२७ मध्ये त्या हेच नाटक घेऊन मायदेशीही दौऱ्यावर गेल्या.

रूढ अर्थाने नायिकेला शोभेल असा त्यांचा चेहरा नव्हता. ठसठशीत नाक, खोल डोळे आणि भारदस्त आवाज या भांडवलावर त्या शोकांतिकांकडे वळल्या. यूजीन ओनील यांच्या ‘स्ट्रेंज इंटरल्यूड’ आणि ‘मोर्निंग बिकम्स इलेक्ट्रा’ या दोन्ही नाटकांत मूळ अभिनेत्रींच्या जागी उभ्या राहून त्यांनी मध्यवर्ती भूमिका केल्या. १९३६ मध्ये जॉन गिलगुड यांच्या हॅम्लेटची आई झाल्या. १९३७ मध्ये लंडनच्या ओल्ड व्हिकमध्ये लॉरेन्स ऑलिव्हिए यांच्यासमोर आणि १९४१ मध्ये ब्रॉडवेवर मॉरिस इव्हान्स यांच्यासमोर त्या लेडी मॅकबेथ होत्या. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठीही त्यांनी ‘मॅकबेथ’चे प्रयोग केले.

सिनेमाने मात्र त्यांना वेगळ्याच कारणासाठी लक्षात ठेवले. आल्फ्रेड हिचकॉक यांच्या ‘रेबेका’ (१९४०) मध्ये त्यांनी मिसेस डॅन्व्हर्स ही वाड्याची कारभारीण रंगवली. मालकाची पहिली बायको वारलेली असते, पण कारभारणीची निष्ठा तिच्याशीच असते. ती नव्या मालकिणीला पहिलीची खोली दाखवते, तिचे कपडे हाताळते आणि अखेर खिडकीपाशी नेऊन खाली उडी घ्यायला सुचवते. हिचकॉक यांनी या पात्राला चालताना जवळजवळ दाखवलेच नाही. नवी मालकीण वळून पाहते, तर डॅन्व्हर्स आधीच तिथे उभी असते. पापणीही फारशी न लववता आणि आवाज न चढवता अँडरसन यांनी ही भूमिका केली. त्यासाठी त्यांना सहायक अभिनेत्रीचे ऑस्कर नामांकन मिळाले. याच कथेवर बेतलेल्या ‘कोहरा’ (१९६४) या हिंदी चित्रपटात अशीच भूमिका ललिता पवार यांनी केली. ‘रेबेका’नंतर ‘लॉरा’, ‘अँड देन देअर वेअर नन’, ‘द टेन कमांडमेंट्स’ आणि ‘कॅट ऑन अ हॉट टिन रूफ’ अशा चित्रपटांत अँडरसन दिसत राहिल्या. भूमिका बहुतेक दुय्यमच होत्या.

मुख्य भूमिका त्यांना रंगभूमीनेच दिल्या. त्यांतली सर्वांत मोठी मीडियाची. कवी रॉबिन्सन जेफर्स यांनी युरिपिडीसच्या ग्रीक शोकांतिकेचे मुक्त रूपांतर खास त्यांच्यासाठी केले. नवऱ्याने राजकन्येसाठी टाकलेली परदेशी स्त्री, मीडिया, सूडापोटी स्वतःच्याच मुलांना मारते, असे हे कथानक आहे. ऑक्टोबर १९४७ मध्ये ते ब्रॉडवेवर आले. दिग्दर्शन गिलगुड यांचे होते आणि मीडियाच्या नवऱ्याची, जेसनची, भूमिकाही त्यांनीच केली. या भूमिकेसाठी अँडरसन यांना १९४८ चा टोनी पुरस्कार मिळाला. त्या वर्षी तो कॅथरिन कॉर्नेल आणि जेसिका टँडी यांच्यासह तिघींत विभागला गेला होता. १९५५ मध्ये हेच नाटक त्यांनी ऑस्ट्रेलियात एलिझाबेथन थिएटर ट्रस्टसाठी केले.

दूरचित्रवाणीवर लेडी मॅकबेथची भूमिका त्यांनी १९५४ आणि १९६० अशी दोनदा केली आणि दोन्ही वेळा एमी पुरस्कार मिळवला. १९६० मध्येच ब्रिटिश राजसत्तेने त्यांना ‘डेम’ हा किताब दिला. सत्तरी ओलांडल्यावर, १९७०-७१ मध्ये, त्यांनी स्वतः हॅम्लेट साकारून अमेरिकेचा दौरा केला. त्या प्रयोगांवर टीकाच अधिक झाली. १९८२ मध्ये ‘मीडिया’ पुन्हा ब्रॉडवेवर आले तेव्हा मीडियाची भूमिका झोई कॅल्डवेल या दुसऱ्या ऑस्ट्रेलियन अभिनेत्रीकडे होती. अँडरसन यांनी मीडियाच्या दाईचे काम केले आणि त्यासाठीही त्यांना टोनीचे नामांकन मिळाले.

१९८४ मध्ये, सत्त्याऐंशीव्या वर्षी, त्या ‘स्टार ट्रेक’ मालिकेतील तिसऱ्या चित्रपटात व्हल्कन ग्रहाची पुजारीण म्हणून दिसल्या. त्याच वर्षी ‘सांता बार्बरा’ या दैनंदिन मालिकेतही त्यांनी काम सुरू केले. १९९१ मध्ये ऑस्ट्रेलियाने त्यांना ‘कम्पॅनियन ऑफ द ऑर्डर ऑफ ऑस्ट्रेलिया’ हा सन्मान दिला. ३ जानेवारी १९९२ रोजी कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथे त्यांचे निधन झाले.